वादळवीराचे दोन बाप

एकाच आठवड्यात मास्तरांनी वादळवीराच्या बापाला धुळ्यात घाटात मारलं आणि जळगावात केळीच्या बागेला पाणी द्यायला उभं केलं. दोन्ही प्रुफं माझ्याच टेबलावर आली, अजून ओली. छापखान्यात मला जेमतेम महिना झाला होता. मला वाटलं, मोठी चूक झालीय आणि ती आपण पकडलीय. दोन्ही कागद घेऊन मी त्यांच्यापुढे उभी राहिले.

“मास्तर, हा माणूस या कागदावर मेलाय आणि या कागदावर जिवंत आहे.”

“हो,” ते म्हणाले. “ऱ्हस्व-दीर्घ पाहिलेस का?”

मी त्यांच्या तोंडाकडे बघत राहिले. पुढे तीन-चार वर्षांत त्यांच्या तोंडाकडे असं बघत राहण्याची वेळ माझ्यावर अनेकदा आली. पण त्या दिवशीची ती पहिली.

छापखाना जळगावला नव्या पेठेच्या मागच्या बोळात होता. मी बी.ए. होऊन यावलला घरी बसले होते. ओळखीतून प्रुफं वाचायचं काम मिळालं आणि मी रोज एस.टी.नं ये-जा करायला लागले. मालक म्हणजेच मास्तर. पूर्वी कुठल्याशा शाळेत ते चित्रकला शिकवत, म्हणून मास्तर. त्यांना नावानं हाक मारलेली मी कधी ऐकली नाही. छापखान्यात आम्ही तिघंच. मास्तर, मी आणि ट्रेडल मशीन चालवणारे भाऊ. भाऊ दिवसभर पायानं मशीन हाणायचे आणि बोलायचे फार कमी.

मास्तर उंच, काटकुळे. उजवा खांदा डाव्यापेक्षा चांगला चार बोटं खाली. चालताना ते एका हातात बादली घेऊन चालल्यासारखे दिसत. त्या खांद्याबद्दल मी पहिल्याच आठवड्यात विचारलं.

“लहानपणी झोक्यावरून पडलो,” ते म्हणाले, आणि कडुलिंबाची फांदी कशी मोडली, आईनं हळदीचा लेप कसा लावला, सगळं सांगितलं. दुसऱ्या दिवशी कागदवाला आला. त्यानंही तेच विचारलं. मास्तरांनी त्याला सांगितलं, पोळ्याला बैलानं ढुसणी मारली. बैलाचा रंगसुद्धा सांगितला. मी तिथेच बसले होते. माझ्यासमोर हा माणूस खुशाल दुसरं सांगतोय, आणि डोळ्यांत लाज नाही, मिस्कीलपणा नाही. काल झोका सांगताना जसा चेहरा होता तसाच आजही.

“मग खरं कोणतं?” कागदवाला गेल्यावर मी विचारलं.

“बठ्ठं खरं शे,” ते म्हणाले. एरवी ते आमच्याशी शुद्ध बोलत, पण हे वाक्य मात्र नेहमी अहिराणीतच म्हणत. सगळं खरं आहे.

आणखी एक गोष्ट. जळगावात राहून हा माणूस केळं खात नव्हता. खात नव्हता एवढंच नाही, पिकल्या केळ्याचा वास आला तरी उठून बाहेर जायचा. सत्यनारायणाच्या प्रसादाची वाटी मी एकदा त्यांच्यासमोर ठेवली, तर ते बोळाच्या टोकापर्यंत चालत गेले आणि बराच वेळ आले नाहीत. भाऊंनी ती वाटी उचलून खाल्ली आणि मला खुणेनं सांगितलं, परत आणू नकोस.

आता वादळवीराबद्दल सांगायला हवं.

तो मूळचा अमेरिकेचा. तिकडे त्याचं नाव निराळं होतं. त्याच्या रंगीत चित्रगोष्टींचे जुने अंक मुंबईच्या फुटपाथवर गठ्ठ्यानं मिळत. मास्तर पूर्वी दर दोन-तीन महिन्यांनी मुंबईला जाऊन ते घेऊन येत. हिंदीवाल्यांनी त्याला तूफानी केलं होतं. मास्तरांनी मराठीत त्याला वादळवीर म्हटलं. छापखान्याच्या माळ्यावर या अंकांचे ढीग होते, वाळवी लागू नये म्हणून मधेमधे कडुलिंबाचा पाला घातलेले. सुतळीनं बांधलेला प्रत्येक गठ्ठा वेगळा, आणि गठ्ठा कसा लावायचा याचा नियम फक्त मास्तरांना ठाऊक.

एकदा चहाच्या वेळी त्यांनी मला तो समजावून सांगितला. सगळ्यात जुन्या अंकांत वादळवीर सर्कशीतल्या डोंबाऱ्याचा मुलगा होता, अंगावर वीज पडून बलवान झालेला. पुढे लिहिणारे बदलले. तेव्हा तो समुद्रात बुडालेल्या एका बेटाचा राजपुत्र झाला. आणखी पुढे तो शास्त्रज्ञ झाला, काचेचं भांडं फुटून ताकद आलेला. एका गठ्ठ्यात त्याचं लग्न झालेलं, दुसऱ्यात तो जन्माचा ब्रह्मचारी. हिंदीवाल्यांनी तर त्याला राखी बांधणारी बहीणही दिली होती, जी अमेरिकेत कुणी पाहिलेली नव्हती.

“म्हणजे यातला एक खरा आणि बाकीचे नंतर घुसडलेले,” मी म्हटलं. मला कॉलेजात पाठभेद शिकवलेले होते.

मास्तरांनी एक अंक उघडून माझ्यापुढे धरला. त्यात दोन वादळवीर समोरासमोर उभे होते. एक तरुण, एक कानशिलं पांढरी झालेला. मास्तर म्हणाले, “बघ. म्हाताऱ्याची पृथ्वी वेगळी, तरुणाची वेगळी. दोघं भेटले. आता हे काय करतील? तू खोटा, मी खरा म्हणून मारामारी? नाही. पान उलट.”

मी पान उलटलं. दोघं हात मिळवत होते.

“हे मी पहिल्यांदा पाहिलं ना, तेव्हा मला जेवण गेलं नाही,” मास्तर म्हणाले. त्यांचा आवाज खरंच बारीक झाला होता. “एकाचा बाप मेलाय, दुसऱ्याचा जिवंत आहे. आणि दोघंही खरे, ताई. कुणालाच खोटं पाडायचं नाही.”

पन्नाशीचा माणूस मुलांच्या चित्रांच्या पुस्तकावरून असा हलतो, हे पाहून मला कसंतरीच झालं. घरी सांगितलं तर आई म्हणाली, डोकं जरा हललेलं दिसतं, पण पगार देतो ना?

तर हा वादळवीर मास्तरांनी खानदेशात आणला. धुळ्याच्या एका साप्ताहिकासाठी ते दर आठवड्याला अर्धं पान चित्रगोष्ट काढून पाठवत आणि जळगावच्या एका साप्ताहिकासाठी दुसरं अर्धं पान. दोन्ही स्वतः काढलेली, दोन्ही वादळवीराचीच. धुळ्याच्या अंकात तो शिंदखेड्याकडच्या ट्रक ड्रायव्हरचा मुलगा होता. जळगावच्या अंकात रावेरच्या केळी बागायतदाराचा. धुळ्याचा वादळवीर रागीट, पांझरेच्या पात्रात दरोडेखोरांना बुचकळणारा. जळगावचा जरा विनोदी, केळीचे घड चोरणाऱ्यांच्या मागे सातपुड्यापर्यंत उडत जाणारा. धुळ्याचं साप्ताहिक जळगावात कोण वाचतंय आणि जळगावचं धुळ्यात कोण? त्यामुळे काही वर्षं कुणालाच काही कळलं नाही.

कळलं ते एका लग्नात.

रावेरकडची मुलगी, शिंदखेड्याकडचा मुलगा, आणि लग्न जळगावच्या मंगल कार्यालयात. अक्षता पडल्या, पंगत बसायची होती, तेवढ्यात पुरुषांच्या घोळक्यात वादळवीराचा विषय निघाला. वराकडचे म्हणाले, आमच्याकडचा आहे तो, बाप ड्रायव्हर. वधूकडचे म्हणाले, काय सांगता, त्याची बाग रावेरला आहे. आधी हसत हसत चाललं, मग आवाज चढले. कुणीतरी म्हणालं, तो काढणारा मास्तर इथंच नव्या पेठेत आहे, त्यालाच आणा. आणि चार माणसं खरंच छापखान्यात आली. मास्तर हात धुऊन निघाले. भाऊंनी मशीन थांबवलं. मीही मागोमाग गेले.

मांडवात मास्तरांना खुर्ची दिली. त्यांनी दोन्ही बाजूंचं ऐकून घेतलं आणि म्हणाले, “दोन्ही खरं आहे.”

रावेरचे एक पागोटेवाले आजोबा पुढे आले. “असं कसं? माणसाले बाप एकच राह्यतो.”

“तसं नसेल तर मग त्याच्या मायबद्दल बोलावं लागेल,” मागून कुणीतरी बोललं.

बायका बसल्या होत्या, नवरी बसली होती. मला वाटलं आता हाणामारी होते. मास्तर उठून उभे राहिले आणि शांतपणे म्हणाले, “माय एकच आहे. जगं दोन आहेत.”

मग त्यांनी त्या मांडवात पृथ्व्या समजावून सांगायला सुरुवात केली. वरण निवलं, पुऱ्या वातड झाल्या, पण कुणी उठलं नाही. नवरदेवाच्या मामांनी, मोठ्या मिशांच्या एका गृहस्थांनी, त्यांना आग्रहानं शेजारी बसवून जेवू घातलं. मास्तरांचा हात वाकडा उचललेला बघून मामांनी खांद्याचं विचारलं. मास्तरांनी त्यांना झोका सांगितला. ते मामा पुढे पुन्हा भेटणार होते. त्या दिवशी मात्र दोन्हीकडची मंडळी हसत निरोप घेऊन गेली आणि जाताना म्हणत होती, बठ्ठं खरं शे.

त्यानंतर काही आठवड्यांनी मास्तरांनी धुळ्याच्या अंकात बापाचं ते घाटातलं मरण पुन्हा, या वेळी सविस्तर काढलं. ट्रक केळी भरून मुंबईला निघालाय, धुळं मागे पडलंय, लळिंगच्या घाटात ब्रेक फेल होतो, बाप सगळी ताकद लावून गाडी डोंगराकडे वळवतो, समोरची एस.टी. वाचते, बाप मरतो. एरवी मास्तर चेहरे झटपट काढत. हा चेहरा काढायला त्यांनी तीन दिवस घेतले. रुंद कपाळ, डाव्या भुवईत मधोमध एक चीर, खालचा ओठ जरा पुढे. मी म्हटलं, “मास्तर, हा आधीच्या अंकांतल्या बापासारखा दिसत नाही.” ते म्हणाले, “आता दिसेल तसाच दिसू दे.”

उन्हाळा होता. दुपारी बोळात चिटपाखरू नव्हतं. एक बाई दारात आली. पन्नाशीच्या आतली, उन्हानं रापलेली, हिरवं नऊवारी, पायात रबरी चपला. तिनं आत पाऊल टाकलं नाही. उंबऱ्यापाशी उभी राहून विचारलं, “मास्तर कोन?”

मी तिला पाणी दिलं. ती शिंदखेड्याजवळच्या एका खेड्यातून पॅसेंजरनं आली होती, एकटीच. कमरेच्या पिशवीतून तिनं धुळ्याच्या साप्ताहिकाचं पान काढलं, घडी उलगडली आणि मास्तरांच्या टेबलावर ठेवलं. बोट बापाच्या चेहऱ्यावर.

“हाऊ चेहरा मना मालकना शे,” ती म्हणाली.

भाऊंचं मशीन चालू होतं, ते त्यांनी पाय उचलून थांबवलं.

ती उभ्या उभ्याच बोलली. तिचा नवरा केळीच्या ट्रकवर ड्रायव्हर होता. लळिंगच्या घाटात गाडी उलटून गेला. गाडीच्या मालकानं सांगितलं, ड्रायव्हर पिऊन होता. तेच कागदावर गेलं, तेच गावात आलं. “त्यासनी कधी दारूले हात लाया नही,” ती म्हणाली. “पन पोरेसले आजबी दारुड्याना पोरे म्हनतस. मोठी पोर लगीनना वयनी व्हयनी. पाव्हने येतस, ऐकतस, चालना जातस.” आणि मग या अंकात तिच्या मुलानं हे चित्र पाहिलं. ब्रेक फेल. नशा नाही, चूक नाही. “तुमले कसं मालूम पडनं? तुम्ही तठे व्हतात का? माले पैसा नको. गावमा येईसन एवढं सांगा, ब्रेक फेल व्हयना व्हता. त्यासनं नाव धोई द्या.”

मी मास्तरांकडे पाहिलं. मला वाटलं आता ते नेहमीचं वाक्य म्हणतील आणि मला तिथून पळून जावं लागेल. ते खुर्चीवर बसले होते. त्यांनी दोन्ही हात टेबलावर पालथे ठेवले. बोटांना शाई होती.

“ब्रेक फेल झाला नव्हता,” ते म्हणाले.

बाईनं पदर घट्ट केला.

“तो प्यायलाही नव्हता,” मास्तर म्हणाले. “गाडी मी चालवत होतो.”

ते वाक्य मला कळायला वेळ लागला. मला वाटलं ते गोष्टीतलं काहीतरी सांगतायत. मग भाऊंकडे लक्ष गेलं. भाऊ भिंतीला धरून उभे होते.

मास्तरांनी सगळं सांगितलं. आवाज चढला नाही, थांबला नाही. मुंबईला अंक आणायला ते याच ट्रकमधून जात. ड्रायव्हरशी दोस्ती झाली होती. रस्ताभर ते त्याला वादळवीराच्या गोष्टी सांगत आणि तो मोकळ्या रस्त्यावर कधीकधी त्यांच्या हातात स्टिअरिंग देई. त्या सकाळी क्लीनर धुळ्याला घरी उतरला होता. दोघंच होते. मास्तरांनी स्टिअरिंग मागितलं. ड्रायव्हर म्हणाला, घाट उतरू द्या, मग देतो. मास्तरांनी हट्ट धरला. घाटातच चालवून बघायची होती. तो हसला आणि सरकला. दुसऱ्या वळणाला मास्तरांच्या हातून गाडी सुटली. ड्रायव्हरनं मधे हात घालून ती डोंगराकडे ओढली, म्हणून दरीत गेली नाही. उलटली. मास्तर काचेतून बाहेर फेकले गेले, खांदा मोडला. रस्ताभर केळी चिरडून पडली होती, आणि त्या केळ्यांत तो पडला होता. पोलीस आले तेव्हा मास्तर म्हणाले, मी नुसता बसलो होतो, झोपलो होतो, मला काही माहीत नाही. गाडीच्या मालकानं दारूचं सांगितलं ते त्यांनी ऐकलं. गप्प राहिले.

मी माझ्या टेबलाची कड धरून ठेवली होती. जो माणूस रोज माझ्या चहात साखर कमी की जास्त विचारायचा, तो हा.

बाई रडली नाही. ती त्यांच्याकडे एकटक बघत म्हणाली, “आखो एकदाव सांगा.”

त्यांनी पुन्हा सांगितलं. पहिल्यापासून, तसंच.

“आठे नको,” ती म्हणाली. “गावमा चाला. तठे बठ्ठासमोर सांगा.” मग माझ्याकडे वळली. “ताई, तू बी चाल.”

मला का नेलं, हे तेव्हा कळलं नाही. आता वाटतं, एवढ्या माणसांत तिला एक बाई सोबत हवी होती.

दुसऱ्या दिवशी सकाळच्या गाडीनं आम्ही निघालो. ती आदल्या दिवशीच परत गेली होती. मास्तरांनी धुतलेला सदरा घातला होता. अमळनेर गेलं, नरडाणा गेलं, ते खिडकीबाहेर बघत होते. मी त्यांच्याशी एक शब्द बोलले नाही. फक्त एकदा त्यांनी विचारलं, “मारतील, नाही का?” मी म्हटलं, “माहीत नाही.” ते म्हणाले, “मारलं तर तू मधे पडू नकोस.”

मारुतीच्या देवळासमोर माणसं जमली होती. बाईनं निरोप फिरवला होता की जळगावचा मास्तर येऊन खरं काय झालं ते सांगणार आहे. तिचा सासरा, ज्याला सगळे आबा म्हणत, कट्ट्यावर काठी धरून बसला होता. ती स्वतः बायकांच्या पुढे, डोक्यावर पदर घेऊन उभी. आणि आबांच्या शेजारी मोठ्या मिशांचे ते मामा. लग्नातले. ते याच गावचे होते. मास्तरांना बघताच ते उठून पुढे आले, हात हातात घेतला, आणि लोकांना सांगू लागले की हाच तो वादळवीरवाला.

मास्तरांनी हात सोडवून घेतला आणि सांगायला सुरुवात केली. दारू नव्हती. ब्रेक फेल नव्हता. गाडी मी चालवत होतो. त्यानं मला वाचवलं आणि तो गेला. मी पोलिसांना खोटं सांगितलं.

मी लोकांचे चेहरे बघत होते. आधी ते ताणले होते. मग मधेच कुणाच्या तरी चेहऱ्यावर हसू आलं. वाईट हसू नव्हतं. ओळखीचं होतं.

“मास्तर,” मागून एक तरुण म्हणाला, “हाई कोनता अंकमा छापशात?”

लोक हसले. मास्तर थांबले. “हे अंकातलं नाही,” ते म्हणाले. “हे झालेलं आहे.”

“मागच्या अंकात तर ब्रेक फेल होता,” दुसरा म्हणाला.

“ते मी रचलेलं होतं.”

“आणि रावेरवाल्यांकडे बाप जिवंत आहे,” मामा प्रेमानं म्हणाले. “आम्हाला तुमचं माहीत आहे, मास्तर. बठ्ठं खरं शे.”

मास्तरांनी सदऱ्याची बटणं काढली आणि उजवा खांदा उघडा केला. हाड जिथे जुळून आलं होतं तिथे गाठ होती, तिच्यावर लांब पांढरट व्रण. “हा त्या दिवशीचा आहे,” ते म्हणाले.

मामांनी मान हलवली. त्यांना वाईट वाटत होतं, हे दिसत होतं. “लग्नात तुम्ही मला झोक्यावरून पडलो म्हणाला होतात,” ते हळू म्हणाले.

मास्तरांनी माझ्याकडे पाहिलं. मी काय सांगणार होते? मला त्यांनी झोकाच सांगितला होता. आणि माझ्यासमोर कागदवाल्याला बैल.

मग मामा लोकांकडे वळले. ते म्हणाले, या माणसाचं मन बघा. एका विधवेच्या नवऱ्याचं नाव धुवायला हा स्वतःवर खून ओढून घेतोय. ना नात्याचा ना गोत्याचा. असा माणूस दारूबद्दल खोटं कशाला बोलेल? ड्रायव्हर प्यायला नव्हता, हे आपण आता मानलं पाहिजे. आबांनी काठी टेकवून मान डोलावली. म्हातारा रडत होता. कट्ट्यावरच्या पुढाऱ्यांनी सांगितलं, यापुढे त्या पोरांना कुणी दारुड्याची पोरं म्हणायचं नाही.

बाईला हवं होतं ते झालं होतं. आणि ज्यामुळे व्हायला हवं होतं त्यामुळे झालं नव्हतं.

मास्तर पुन्हा सांगायला लागले, आणखी सावकाश, वळण कोणतं, दगड कुठे होता. जितकं बारीक सांगत तितके लोक माना डोलावत, किती बेमालूम रचतो म्हणून. कुणीतरी धावत जाऊन शाल आणि नारळ घेऊन आलं. मास्तर मागे सरकले. दोघांनी त्यांना धरलं, मायेनंच, आणि शाल त्यांच्या त्या वाकड्या खांद्यावर घातली. टाळ्या वाजल्या. माणूस मार खायला आला होता. त्याच्या हातात नारळ दिला.

आम्ही स्टेशनवर आलो. प्लॅटफॉर्मवर सावली नव्हती. मास्तरांनी शाल काढली नव्हती. काढायचं त्यांना सुचत नव्हतं. नारळ दोन्ही हातांनी पोटाशी धरला होता. गाडीला वेळ होता. तेवढ्यात ती बाई रुळांच्या बाजूनं भराभर चालत येताना दिसली.

ती त्यांच्यासमोर येऊन उभी राहिली. आधी नारळ काढून घेतला. मग एका हातानं शाल ओढली. ती मास्तरांच्या खांद्यावर अडकली, तेव्हा दुसऱ्या हातानं सोडवून घेतली.

“हाई तुमनं नही,” ती म्हणाली.

मास्तरांनी हात जोडले. पण ती तोपर्यंत वळली होती. नारळ शालीत बांधून, गाठोडं काखेत घेऊन, आली तशी भराभर चालत गेली. त्या सगळ्या गावात एकट्या तिला ते खरं वाटलं होतं. मास्तर बाकावर बसले आणि मी त्यांना पहिल्यांदा रडताना पाहिलं. त्या रडण्यात दुःख होतं की सुटका, मला सांगता येत नाही.

नंतर ते पोलिसांत गेले. जबाब दिला. दोनदा बोलावून घेतलं, मग कळलं की प्रकरण कधीच मिटलंय, जुने कागद सापडत नाहीत. त्यांनी दोन्ही साप्ताहिकांना कळवून टाकलं की यापुढे वादळवीर येणार नाही. संपादक चिडले. वाचक विचारायला येत, मास्तर, शेवट काय झाला, धुळ्याचा खरा की जळगावचा? ते म्हणत, मला विचारू नका. माळ्यावरचे गठ्ठे त्यांनी रद्दीत घातले नाहीत, पण त्यांची सुतळीही पुन्हा सोडली नाही. आणि आमच्यासमोर त्यांनी एकही गोष्ट पुन्हा रचून सांगितली नाही. खांद्याबद्दल कुणी विचारलं तर सांगत, अपघात झाला, माझ्या हातून झाला. विचारणारा अवघडून विषय बदलायचा. भाऊ त्यांच्याशी पूर्वीसारखेच वागले. मला तसं जमायला फार दिवस लागले. पुरतं जमलं असं आजही म्हणवत नाही.

पुढच्या वर्षी मला शाळेत नोकरी लागली. छापखान्यातले माझे शेवटचे दिवस चालले होते तेव्हा ती बाई पुन्हा दारात आली. या वेळी उंबरा ओलांडून आत आली. मोठ्या मुलीचं लग्न ठरलं होतं, पत्रिका छापायच्या होत्या. धुळ्यात, शिंदखेड्यात, अमळनेरात किती छापखाने होते. ती इथे आली होती. मजकूर तिनं माझ्या हातात दिला. मास्तरांकडे बघून फक्त एवढं म्हणाली, “बापनं नाव मोठं पाहिजे.”

खिळे, म्हणजे शिशाची अक्षरं, जुळवायचं काम मास्तर सहसा बाहेरच्या माणसाकडून करून घेत. ही पत्रिका त्यांनी स्वतः जुळवली. चिमट्यानं एकेक खिळा उचलून, उजवा हात डाव्यानं सावरत. वडिलांच्या नावाला त्यांनी नवरा-नवरीच्या नावांइतकाच टाइप घेतला. असं कुणी करत नाही. प्रूफ निघालं तेव्हा बाईला वाचता येत नव्हतं म्हणून मी मोठ्यानं वाचलं. नावापाशी आले तेव्हा ती म्हणाली, परत वाच. मी परत वाचलं.

पत्रिका न्यायला ती आठवड्यानं आली. गठ्ठा सोडला, पदराच्या गाठीतून कुंकवाची पुडी काढली आणि टेबलावर दोन पत्रिकांच्या कोपऱ्यांना बोट लावलं. एक मला दिली. “लगीनले येजो,” म्हणाली. दुसरी भाऊंना दिली. भाऊंनी ती दोन्ही हातांनी घेऊन कपाळाला लावली. मास्तर मशीनपाशी उभे राहून फडक्याला हात पुसत होते. हात केव्हाच स्वच्छ झाले होते तरी पुसत होते. तिनं उरलेला गठ्ठा पुन्हा बांधला, काखेत घेतला आणि पायऱ्या उतरून गेली.

ती बोळाच्या वळणावर दिसेनाशी झाली तेव्हा मास्तरांनी मला विचारलं, “शाई नीट वाळली होती ना गं?”

मी माझ्या पत्रिकेवर, वडिलांच्या नावावरून, बोट फिरवून पाहिलं.

“हो मास्तर,” मी म्हटलं. “वाळलीय.”